मागच्या खोलीतली बुरशी

मर्सी,

तुझ्या मयताच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. तिथे आपल्या मराठी मंडळाचे प्रमोदकाका हातात सँडविच घेऊन उभे राहिले आणि तुझ्याबद्दल बोलायला लागले. "मर्सी म्हणजे खऱ्या मल्टिकल्चरल ऑस्ट्रेलियाचं प्रतीक. इतक्या देशांच्या लोकांत राहिली आणि सगळ्यांची लाडकी झाली." लोकांनी माना हलवल्या. कप टेबलावर ठेवून मी बाहेर गेले आणि पार्किंगमधल्या एका झाडाला धरून उभी राहिले.

हेच काका. दिवाळीच्या फराळाचे बॉक्स भरायला माझं घर वापरा, असं तू मीटिंगमध्ये म्हणालीस, तेव्हा घसा खाकरून म्हणाले होते, "नको नको, तिकडे पार्किंगचा प्रॉब्लेम. आणि एरिया पण जरा... बायकांना अनकम्फर्टेबल होतं." तू हसून "नो वरीज" म्हणालीस. घरी आल्यावर मात्र एकच पातेलं इतका वेळ घासत राहिलीस की शेवटी मी येऊन नळ बंद केला.

पण काकांची किळस येणं सोपं आहे. ते तुझा जिना कधी चढलेच नाहीत. मी चढले. तीन वर्षं तुझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले आणि लग्नानंतर सात वर्षं तुझ्या खालच्या फ्लॅटमध्ये. टूनगॅबी स्टेशनमागची ती लाल विटांची, बिनलिफ्टची, तीन मजली बिल्डिंग. आसपासच्या कुठल्याही जागेपेक्षा भाडं कमी, म्हणून सगळे तिथे येऊन पोचलेले. तुझ्या समोरच्या दारात श्रीलंकेचे तमीळ सिवाअण्णा आणि त्यांची बायको. तळमजल्यावर लेबनॉनची हुदा, जी ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना लावायची. एका फ्लॅटमध्ये फिलिपिनो नर्सेस, एकात अफगाण कुटुंब, आणि एक चिनी आजोबा, जे रोज सकाळी ड्राइव्हवेवर उभं राहून हळूहळू हात फिरवत व्यायाम करायचे आणि कोणाचीही गाडी आली तरी हलायचे नाहीत.

मी आले त्या दिवशी तू सुके बोंबील भाजत होतीस. मी सांगलीच्या अशा घरातून आलेली, जिथे अंड्यासाठी वेगळी कढईसुद्धा नव्हती कारण अंडंच नव्हतं. खोलीत गेले आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. तू पाहिलंस. वसईहून येऊन इथे इतकी वर्षं काढलेली, पॅथॉलॉजी सेंटरमध्ये दिवसभर लोकांचं रक्त घेणारी तू, तुला माणसं ओळखायला किती वेळ लागणार होता? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणालीस, "दाराखाली टॉवेल ठेवलास ते असू दे. पण एक खिडकीखाली पण ठेव. पाऊस आला की तिथून पाणी येतं."

मी लाजून "सॉरी मर्सीताई" म्हटलं.

"ताई नको. ताई म्हटलं की लोक नमस्कार करून मोकळे होतात. मर्सी म्हण, आणि तू म्हण."

पाणी येतं हे तू सांगितलंस, पण त्यामागे काय आहे ते मी दोन महिन्यांनी पाहिलं. थंडी सुरू झाली होती. कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी. डाग म्हणावेत असे नाहीत, लव असलेली, ओलसर, बोट लावलं तर बोटाला चिकटणारी बुरशी. माझ्या एका कुर्त्याच्या पाठीवरही ती उगवली होती. छपराच्या कडेचं पन्हाळीचं गटर फुटलेलं आणि छपरातून पाणी भिंतीत उतरत होतं, हे सिवाअण्णांनी शिडी लावून बघितलं होतं. मालकाच्या एजंटला कळवलं होतं. एजंटचं उत्तर ठरलेलं: खिडक्या उघड्या ठेवा.

मी त्या भिंतीचे फोटो काढले. तुझ्यासाठी नाही. चुलत बहिणीला पाठवायला, "बघ कसल्या उकिरड्यात राहतेय तुझी फॉरेनवाली बहीण" असं लिहून. ती हसली, मी हसले.

तू मात्र दर रविवारी मिस्साहून आलीस की तोंडाला कापड बांधून स्टुलावर चढायचीस. व्हिनेगरमध्ये लवंगतेल घालून भिंत पुसायचीस. मी "मी करते" म्हटलं की म्हणायचीस, "तुझं असाइनमेंट कर. मला फेल झालेली भाडेकरू नको." मग संध्याकाळभर तुझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तू दम्याचा पफर ओढायचीस आणि भावाला फोन लावून घरच्या बोलीत, मला अर्धी कळणाऱ्या, एवढ्या मोठ्याने गप्पा मारायचीस की शिट्टी ऐकू येऊ नये.

मी निरंजनशी लग्न करून खालच्या फ्लॅटमध्ये गेले, तेव्हा तू मागच्या खोलीत झोपायला लागलीस, कारण पुढची खोली सिवाअण्णांच्या बायकोच्या आजारी आईला दिलीस. सहा महिने म्हणून आलेल्या त्या आजी दोन वर्षं राहिल्या, तुझ्याकडेच वारल्या. तू तशीच मागे झोपत राहिलीस. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मंडळातल्या बायकांना सांगितलं असतं तर त्यांनी भाड्याचं विचारलं असतं.

आणि माझी इरा झाली तेव्हा. सिझेरियन, आईचा व्हिसा अडकलेला, निरंजनला एका आठवड्याची रजा. ड्युटीवर जाण्याआधी तू इराला तेल लावायचीस आणि गुडघ्यांवर आडवी घेऊन आंघोळ घालायचीस. दुपारी हुदा मसुराचं सूप घेऊन यायची आणि मी प्यायले की नाही हे वाडग्यात डोकावून बघायची. सिवाअण्णांची बायको लसणीचं रसम आणायची. मला दूध येत नव्हतं, मी रडत होते, तर तुम्ही तिघी माझ्या सोफ्याभोवती उभ्या राहून तीन भाषांत भांडत होतात की मेथी द्यावी, बडीशेप द्यावी की बिअर. इतकं हसले की टाका दुखला. मर्सी, माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं जपलेलं नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही.

मला खोटं गोड लिहायचं नाही. तिथे घाण होतीच. कचऱ्याच्या बिनच्या खोलीत पिशव्या फुटलेल्या असायच्या, झुरळं तिथून पाइपातून वर यायची. कोणीतरी जुन्या गाद्या रस्त्यावर टाकून जायचं, त्या पावसात भिजून फुगायच्या. एकदा जिन्यात कोणी लघवी केली होती आणि चार दिवस तो वास गेला नाही. मालकाने बारा फ्लॅटचं भाडं घ्यायचं आणि जिन्यातला दिवा बदलायचा नाही, हे चालूच होतं.

पण घाणीबद्दल बोलता बोलता मी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागले, ते कधी, मला सांगता येत नाही. निरंजनच्या ऑफिसातले लोक यायचे म्हणाले की मी त्यांना कॅफेत बोलवायला लागले. कुठे राहता विचारलं की टूनगॅबीचं नाव न घेता "पॅरामॅटाच्या जवळ" म्हणायला लागले. इराच्या वर्गाचा फोटो आला, तेव्हा मी त्यात आपली मुलं किती ते मोजलं. मोजलं, मर्सी. तुझ्या सोफ्यावर बसून.

एजंटचं ते पत्र आलं त्याच वर्षी. तुझ्या भिंतीची बुरशी नवी आहे, ती तुमच्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे आणि जास्त वाफेच्या पदार्थांमुळे झाली आहे, आणि असंच चाललं तर लीज वाढवताना विचार करावा लागेल. तू ते पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलंस, आवाज अगदी सरळ ठेवून. मी काय म्हणाले आठवतं? "तूही जरा बोंबील कमी भाज ना. खिडकी तरी उघडत जा."

तू पत्राची घडी केलीस. ते पत्र लिहिणाऱ्याची किळस मला आज येते. त्याने निदान पगारासाठी लिहिलं होतं.

मग आम्ही घर घेतलं. चाळीस मिनिटांवर, नव्या इस्टेटमध्ये, जिथे सगळी छपरं एकाच राखाडी रंगाची आहेत. पॅकिंगला तू सुट्टी टाकून आलीस. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होतीस.

मी म्हटलं, "आता तूही निघ इथून. ही बिल्डिंग म्हणजे नुसती घाण आहे."

"घाण भिंतीत आहे. ती मालकाने काढायची. मी का निघू?"

"फक्त भिंतीत नाहीये. तुला दिसत नाही का सगळं? मी इराला इथल्या लोकांत नाही वाढवणार."

तू हातातला ग्लास खाली ठेवलास. "इथल्या लोकांत म्हणजे कोणत्या? नावं घे."

"मर्सी, प्लीज."

"घे ना नावं. हुदा? सिवाअण्णा? की मी?"

"तू वेगळी आहेस."

"नाही," तू म्हणालीस. "मी बिलकुल वेगळी नाही. तुला माझ्या घरात पहिल्या दिवशी वास आला होता. तो अजून तुझ्या नाकातून गेलेला नाही."

निरंजन आत आला म्हणून आपण थांबलो. तू उरलेली सगळी भांडी गुंडाळलीस, खोक्यावर "फ्रॅजाइल" लिहिलंस आणि वर गेलीस. एकही ग्लास फुटला नाही. त्यानंतर पाच महिने आपण बोललो नाही. मला माझी बाजू मांडायची होती, मी मनात किती भाषणं तयार केली. आता तुला सांगते, त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. तू म्हणालीस तेच खरं होतं.

पाच महिन्यांनी मेसेज तूच केलास. तुम्ही सगळ्यांनी मिळून ट्रायब्युनलमध्ये जायचं ठरवलं होतं, घरमालक आणि भाडेकरूंच्या भांडणाचा निवाडा करतात तिथे. एजंट म्हणत होता बुरशी नवी आहे, भाडेकरूंनी केलेली आहे. ती दहा वर्षांपूर्वीही तिथेच होती हे दाखवायला तुमच्याकडे काही नव्हतं, कारण तुझा जुना फोन कधीच गेला होता. तुला आठवलं की मी फोटो काढले होते. ते कशासाठी काढले होते, ते तुला माहीत नव्हतं.

"शलाका, ते फोटो सापडतील का? तारीख दिसते त्यात. आणि दोन ओळी लिहून सही."

मी लिहिलं, "बघते गं."

निरंजन म्हणाला होता, आपलं नाव कशाला कोर्टकचेरीत, आत्ताच घर घेतलंय. मी त्याच्यावर ढकलत नाही. तो दुसऱ्या दिवशी विसरलासुद्धा. मी विसरले नव्हते. तुझा दुसरा मेसेज आला, मी अंगठा पाठवला. तिसरा आला, "घाई नाही, पण हिअरिंगच्या आधी हवेत." तेव्हा मी नव्या घराच्या ब्लाइंड्सचे रंग निवडत होते. मेसेज वाचला आणि रंग निवडत राहिले.

तू गेलीस त्या मंगळवारी दुपारी मी इराच्या स्विमिंग क्लासला बसले होते. हुदाचा फोन आला. ती मला कधी फोन करत नाही. मला वाटलं, फोटोंसाठी तिलाही कामाला लावलंस. मी फोन उलटा करून बॅगेत टाकला. तीनदा वाजला. तीनदा मी पाण्याकडे बघत राहिले.

तू सकाळची शिफ्ट करून आली होतीस. आठवडाभर पाऊस होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुझी बॅग पडल्याचा आवाज हुदाने खालून ऐकला. ती धावत वर आली, तर तू पायरीवर बसली होतीस, पफर हातात, ओठ निळे. तिने तुला छातीशी धरून ठेवलं. सिवाअण्णांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी दम्याचा झटका म्हटलं, आणि ते बरोबरच आहे. भिंतीने मारलं असं कोणी लिहून देणार नाही. मीही तसं म्हणू शकत नाही. पण मयताच्या दिवशी गाडीत इराने मागच्या सीटवरून विचारलं, "मम, वॉज इट बिकॉज ऑफ द ब्लॅक वॉल?" सहा वर्षांच्या मुलीला जे सुचलं, त्यावर मी "आय डोन्ट नो, बेटा" म्हणाले.

त्या संध्याकाळी मी जुना लॅपटॉप काढला. फोटो सापडायला दहा मिनिटं लागली. तारखांसकट, कपाटामागच्या भिंतीचे, छताच्या कोपऱ्याचे, कुर्त्याच्या पाठीचे. खाली मी बहिणीला लिहिलेला तो विनोद. मी बाथरूममध्ये जाऊन हात धुतले. परत परत धुतले. आमचं बाथरूम खूप स्वच्छ आहे, मर्सी. दोन बेसिन आहेत.

मी लिहून सही केली आणि सिवाअण्णांना नेऊन दिलं. तुझा अर्ज तुझ्याबरोबर संपला, पण त्यांचा आणि हुदाचा आहे. अण्णांनी कागद चष्मा वर करून वाचला. "टी?" एवढंच विचारलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल शनिवारी तुझा फ्लॅट भाड्यासाठी दाखवायला उघडला होता. तीन आठवडेही झाले नाहीत. जाहिरातीत लिहिलंय, व्हायब्रंट परिसर, विविध संस्कृतींचं खाणंपिणं पायी अंतरावर. ज्या वाफेसाठी तुला पत्र आलं, ती आता त्यांना भाड्यात हवी आहे. मी गेले. का, ते मला धड माहीत नव्हतं. जिन्यात रांग होती, सगळे विशी-पंचविशीतले. चकचकीत बुटांचा एजंट दारात उभा राहून "फ्रेश पेंट, न्यू ब्लाइंड्स" म्हणत होता. तुझ्या येशूच्या तसबिरीच्या खिळ्याचं भोकसुद्धा बुजवलंय.

मागच्या खोलीत एक नेपाळी जोडपं होतं. मुलगी खिडकी उघडून बघत होती. मी तिच्या जवळ गेले आणि हिंदीत सांगितलं, की ही खोली घेऊ नकोस, या रंगाखाली बुरशी आहे, वरचं गटर फुटलंय. फोनवरचे फोटो दाखवले. आवाज चढला असावा, कारण एजंट आत आला. "मॅम, आर यू अप्लाइंग?"

"नो. आय लिव्ड हिअर." मी म्हटलं. "माय फ्रेंड डाइड हिअर. इन दिस बिल्डिंग, ऑन दोज स्टेअर्स."

एजंटने मान एका बाजूला कलती केली, "सो सॉरी टू हिअर दॅट" म्हणाला आणि पुढच्याला किचन दाखवायला घेऊन गेला. रांगेतला एकही माणूस परत गेला नाही. नेपाळी मुलीचा नवरा तर फोनवर अर्ज भरतच होता.

मला त्याचा राग आला. मी त्या मुलीला म्हटलं, "तुमने देखा ना? फिर भी?"

ती शांतपणे म्हणाली, "दीदी, अभी हम छह लोग दो कमरों में हैं. वहाँ की दीवार इससे भी काली है. यहाँ स्टेशन तो पास है." मग जरा थांबून तिने विचारलं, "वो पुराने फोटो मुझे भेज दोगी? घर मिला तो घर की हालत वाली कंडिशन रिपोर्ट में लगा दूँगी, पहले ही दिन. फिर वो हमारे ऊपर नहीं डाल सकते."

तिने नंबर सांगितला. तुझ्या रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहून मी सहा फोटो निवडले आणि पाठवले. तिने फोन बघितला, "आ गए, थैंक यू दीदी" म्हणाली आणि नवऱ्याकडे गेली.

मर्सी, मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.